केसातील पाणी

उरणजवळच्या बंदरावरील त्या प्रयोगशाळेत दररोज सकाळी दहा वाजता केसांची पेटी येत असे. पेटीत पातळ कागदाच्या शेकडो पुड्या असत. प्रत्येक पुडीत म्हशीच्या शेपटीच्या गोंड्यातून मुळासकट उपटलेले पाच केस, आणि पुडीवर तिच्या कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक. म्हैस तोवर या जगात नसे. तिचे मांस गोठवलेल्या खोक्यांत बंद होऊन धक्क्यावर जहाजाची वाट पाहत असे, आणि त्या खोक्यांनी जहाजावर चढावे की माघारी फिरावे, हा निर्णय त्या पाच केसांवर अवलंबून असे.

निर्णय देणाऱ्याचे नाव सुदर्शन दहिभाते. वय चौतीस, कुळ गवळ्याचे, विद्या रसायनशास्त्राची. केशवाचक यंत्रासमोर बसण्यापूर्वी तो हात धुऊन क्षणभर डोळे मिटत असे. सहकारी थट्टा करीत, "काय दहिभाते, म्हशीचं श्राद्ध का?" तो हसून उत्तर टाळी. ज्या घराने पिढ्यानपिढ्या म्हशीच्या दुधावर पोट भरले, त्या घरचा मुलगा आता म्हशीचा शेवटचा दाखला लिहीत होता. या कामाला थोडी शुचिता असावी, एवढेच त्याला वाटे.

यंत्राचे शास्त्र कठीण नव्हते. पाणी सगळीकडे सारखे दिसते, पण सारखे नसते. पाण्यातील प्राणवायूचे काही अणू इतरांहून किंचित जड असतात. ऊन लागून पाणी आटू लागले की हलके अणू आधी वाफ होऊन निघून जातात आणि जड अणू मागे राहतात. म्हणून डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी हलके आणि तापलेल्या मैदानातील उथळ विहिरीचे पाणी जड. शिवाय ज्या खडकातून, ज्या मातीतून ते झिरपते, तिच्यातील धातूंचे अतिसूक्ष्म कणही ते बरोबर घेऊन येते. जनावर ते पाणी पिते, पाणी रक्तात जाते, रक्त केसाच्या मुळाशी पोचते. शेपटीचा केस महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो, आणि मुळाबाहेर पडलेला भाग पुन्हा बदलत नाही. साठ सेंटिमीटरचा केस म्हणजे अडीच वर्षांची रोजनिशी. यंत्रातील प्रकाशकिरण मुळापासून टोकापर्यंत सरकत जाई आणि पडद्यावर एक रेषा उमटवी. त्या रेषेवरून म्हैस कोणत्या महिन्यात कोणत्या गावचे पाणी पीत होती, हे सुदर्शन सांगू शके. कारण विद्यार्थिदशेत तीन वर्षे पायपीट करून चार हजार विहिरींचे नमुने त्यानेच गोळा केले होते, आणि त्यांवरून केलेले जलमानचित्र यंत्राच्या पोटात होते.

एवढ्या खटाटोपाचे कारण समुद्रापलीकडचे एक श्रीमंत राष्ट्र. त्या राष्ट्राने आपल्याकडील म्हशीच्या मांसासाठी एक कोटा खुला केला होता. लाळ्या-खुरकूत रोगापासून मुक्त ठरवलेल्या पट्ट्यात जी म्हैस जन्मली आणि तेथेच वाढली, तिच्या मांसावर शेकडा पाच आयातशुल्क. इतर कोणत्याही म्हशीच्या मांसावर शेकडा बहात्तर. बहात्तर म्हणजे दार बंदच. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख असा भेद लोक पूर्वीपासून मानतात. त्यांपैकी घाटावरच्या दीडशे गावांना रोगमुक्त पट्ट्याचा मान मिळाला. घाटाखाली पूर्णा नदीच्या काठचा खारपाण पट्टा, जिथे विहिरीचे पाणी जिभेला खारट लागते, तो रेषेबाहेर राहिला. सुदर्शनचे गाव, सावरखार, त्या खारपाणात होते.

श्रावणातल्या एका मंगळवारी त्याने एक पुडी उघडली आणि केस किंचित तांबूस दिसला. काळ्याभोर केसांच्या राशीत तो वेगळा होता. पूर्णाकाठच्या म्हशींचा रंग तसा असतो. त्याने केस यंत्रात ठेवला. रेषा मुळापासून निघाली, घाटावरच्या हलक्या गोड्या पाण्यातून दोन वर्षे सरळ चालत राहिली आणि टोकाच्या आठ सेंटिमीटरांत एकदम वर चढली. जड पाणी, खारे पाणी. यंत्राने गावाचे नावही लिहिले, पण ते वाचण्याची त्याला गरज नव्हती. त्या चढणीचा आकार त्याला पाठ होता. सावरखारच्या ज्या विहिरीवर तो लहानाचा मोठा झाला, तिचा नमुना त्याने स्वतःच्या हातांनी बाटलीत भरला होता.

त्याने बिल्ल्याचा क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहिला. जन्मस्थान: शिरसोंड, घाटावरचा पट्टा. नोंद करणारी पशुसखी: रेवती दिगंबर बहिरट.

रेवती ही त्याची धाकटी बहीण; सासरच्या शिरसोंड गावात जनावरांना लशी टोचणे आणि बिल्ले मारणे हे तिचे काम. सव्वीस महिन्यांपूर्वी तिचे लग्न करून देताना त्याने रीतीप्रमाणे एक म्हैस आंदण दिली होती. तिचे नाव चंद्री.

दुपारी तो प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. निलोफर शेख यांच्या खोलीत गेला. त्यांच्या घरात तीन पिढ्या मांसनिर्यातीचा व्यवसाय. त्या मात्र पशुवैद्य झाल्या होत्या आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

"चेहरा असा का?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "यंत्र बिघडलं की पोट?"

त्याने आलेख समोर ठेवला. त्यांनी टोकाच्या चढणीवर बोट ठेवले. "घाटाखालचं पाणी. कुणीतरी बाहेरची म्हैस आत घातली."

"कुणीतरी नाही मॅडम. मी दिलेली म्हैस आहे. बहिणीला, आंदण."

निलोफरबाईंनी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत नियमाचे पुस्तकच जणू तोंडी म्हटले. आपणहून कळवलेली चूक असेल, तर फक्त तो माल परत येतो. पण मागाहून त्या देशाने ती पकडली, तर सगळा पट्टा दोन वर्षे बंद.

"आणि तिसरी वाट?" त्याने विचारले, कारण त्यांच्या आवाजात ती असल्याचे त्याला जाणवले होते.

"नमुना अपुरा. पाचही केस तुटके निघाले, असं होतं कधी कधी. एवढ्या म्हशीचा माल देशी बाजारात जातो. कुणी विचारत नाही."

"पण केस तुटलेले नाहीत."

"दहिभाते," त्या म्हणाल्या, "काहीच न तुटता सगळं चालतं, असं नसतं हो. अठ्ठेचाळीस तास आहेत तुमच्याकडे."

पण सुदर्शनच्या मनात त्या क्षणी नियम नव्हताच. भावाने बहिणीला दिलेले धन हे तिचे स्वतःचे. सासरच्यांनी त्याला हात लावू नये, हे स्मृतिकारांनी सांगितले आहे आणि ज्या गवळ्यांनी स्मृती कधी ऐकल्या नाहीत तेही ते पाळीत आले आहेत. आंदणाची म्हैस विकत नाहीत. ती दावणीवरच म्हातारी होते. चंद्रीचा केस या टेबलावर आला, याचा अर्थ बहिणीच्या घरी काही विपरीत घडले होते, आणि ते तिने फोनवर एकदाही सांगितले नव्हते. त्याच संध्याकाळी तो निघाला.

दुसऱ्या दिवशी मलकापूरला उतरून, बसने घाट चढून तो शिरसोंडला पोचला, तेव्हा रेवतीचे सासरे तुळशीराम बहिरट ओसरीवर दावे वळीत बसले होते.

"या साहेब, या!" म्हातारा उठलाच. "फोन नाई, सांगावा नाई. तिकडचे केस सरले का, आता आमचे उपटाले आले?"

सुदर्शनला हसू आले नाही. तो सरळ गोठ्याकडे गेला. पाच म्हशी होत्या. "चंद्री कुठं हाय?"

"कोन चंद्री?" सासूबाई, कौसाबाई, शेणाचे हात तसेच धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर प्रश्न होता. मग त्यांना उमगले. "अस्सं, सोनाई म्हन नं! थे गेली बाजारात, महिना झाला."

"आंदनाची म्हैस इकली तुमी?" सुदर्शनचा आवाज चढला. "माह्या बहिनीची? मामा, तुमाले काई लाज?"

तुळशीरामांच्या हातातील दावे थांबले. उत्तर फाटकातून आले. रेवती गावातल्या फेरीवरून परतली होती. खांद्याला लशींची थंड पेटी, हातात कानाला बिल्ले मारायचा चिमटा.

"मामाजीले काहून बोलतं, दादा? मीच देल्ली."

तो गोठ्याच्या दारातून तिच्याकडे वळला.

"कास गेली तिची, दुसऱ्या वेताले. चारी सड बंद. उन्हाळाभर म्या पोसली. कडबा सरला, तवा बाजार दाखवला. मामाजी नाईच म्हनत होते. आंदनाची इकू नोको म्हने. मंग म्याच खुंट्यावरून सोडली." तिने पेटी खाली ठेवली. "तुले सांगाची हिंमत नाई झाली."

"अन् जन्म शिरसोंडचा, हे कोन लिवलं?"

"म्या."

"खोटं लिवलं?"

"खोटं कायचं त्याच्यात?" कौसाबाई मध्ये पडल्या. "आंदनाची म्हैस उंबऱ्यापाशी आली, तिच्या खुरावर पानी टाकलं, नवं नाव ठेवलं. तवापासून तिचं वय. माह्या आंदनाची म्हैस दोन डाव व्यायेल होती, तरी इथल्या वेताले आमी पयलंच वेत म्हनलं. सासरी आल्यावर बाईचं माहेरचं वय कोन मोजते, बाप्पा?"

ही लबाडी नव्हती, हे सुदर्शनला तत्क्षणी कळले, आणि त्यानेच त्याचे काम अवघड झाले. सरकारी अर्जात 'जन्म' असा रकाना होता. ज्याने तो छापला, त्याला जन्म एकदाच होतो असे वाटत होते. या माणसांच्या हिशेबी लेकीबरोबर आलेल्या जनावराचा जन्म सासरच्या उंबऱ्यावर होत होता, आणि रेवतीने आपल्या सुवाच्य अक्षरात तोच लिहिला होता.

"अशा किती हायेत गावात?" त्याने विचारले.

रेवतीने बोटे मोजली. "माही धरून नऊ."

कौसाबाई चहाला आत गेल्या. तुळशीराम पुन्हा दावे वळू लागले. बहीणभाऊ गोठ्यात गव्हाणीच्या कडेला बसले.

"तिचे केस म्याच उपटले," रेवती म्हणाली. "पुडीवर नंबर म्याच टाकला. तुह्याकडंच येतात हे मालूम होतं मले. दोन वर्ष इथलंच पानी पेली थे, त्याच्यात का निंगनार? अन् निंगलंच काई, तं दादा हाय तिथं, म्हनलं."

सुदर्शनने तिला तिन्ही वाटा सांगितल्या. निलोफरबाईंची वाटही लपवली नाही.

"मंग अपुरं लिव," ती लगेच म्हणाली.

"अन् बाकीच्या आठ म्हशी येतील तवा?"

"त्यायचंही अपुरं लिव."

"रेवती, बाबांची दावन आठवते का तुले?"

ती तेव्हा चार वर्षांची होती, तो नऊचा. बाहेरून आणलेल्या एका म्हशीबरोबर लाळ्या-खुरकूत घरात आला होता. सहा पारडी आठ दिवसांत गेली. ज्या म्हशी जगल्या, त्यांचे दूध गेले. वडील त्यानंतर दावणीकडे फिरकेनासे झाले आणि दोन वर्षांत स्वतःच गेले. सुदर्शनने विज्ञान शिकायचे ठरवले, ते त्या आठवड्यात.

"रेघ खोटी झाली तं रोग आत येते," तो म्हणाला. "म्या ही रेघ त्याच्यासाठी जपतो."

"चंद्रीले तीन लशी टोचल्या म्या," रेवती म्हणाली. "गावातल्या चारशे जनावरायले टोचल्या. रोग म्या अडवला दादा. तुह्या यंत्रानं एक तरी लस टोचली का?"

ज्याच्याकडे उत्तर नसते, तो वचन देतो. त्याने दिले. "हे पाय, म्या नुसतं खरं नाई लिवत. समजावून लिवतो. फसवणूक नाई, जुनी चाल हाय, असं लिवतो. आपनहून कळवलेल्या चुकीले नियमात सूट हाय. एवढा माल वापस येईन, अन् तुले फार तं एक कागद येईन समज देल्ल्याचा. त्या आठ म्हशी नोंदीतून काहाडू, झालं."

रेवतीने चिमट्याची दांडी एकदा दाबली. "तुले वाटते तसं कर," ती म्हणाली. "तू शिकेल हाय."

बंदरावर परतून त्याने अहवाल लिहिला. आयुष्यात एवढ्या काळजीने त्याने काही लिहिले नव्हते. केसाचे मोजमाप अर्ध्या पानात संपले. उरलेली दोन पाने त्याने बहिणीसाठी लिहिली. या प्रदेशात विवाहप्रसंगी दिलेली म्हैस सासरच्या घरीच जन्मली असे श्रद्धेने मानले जाते. ही प्रथा प्राचीन आणि सार्वत्रिक आहे. नोंद करणाऱ्या व्यक्तीने तीच प्रामाणिकपणे पाळली असून तिच्या मनात कोणताही कपटभाव नव्हता. निलोफरबाईंनी ती पाने दोनदा वाचली. "इतकं लिहायलाच हवं का?" त्यांनी विचारले. "मोजमाप पुरे आहे."

"नुसतं मोजमाप पाठवलं तर ती खोटारडी ठरेल, मॅडम."

त्यांनी प्रतिस्वाक्षरी केली.

एकोणिसाव्या दिवशी त्या राष्ट्राचा आदेश आला. निर्यातदार देशाच्याच तज्ज्ञाने मान्य केल्याप्रमाणे, असे त्यात म्हटले होते, खोट्या जन्मस्थानाची नोंद हा या पट्ट्यात अपघात नसून प्राचीन आणि सार्वत्रिक प्रथा आहे. सबब एका जनावराची चूक आपणहून कळवल्याची सवलत येथे लागू होत नाही. सबब पट्ट्यातील कोणतीच नोंद विश्वासार्ह नाही. घाटावरच्या दीडशे गावांवर दोन वर्षांसाठी शुल्क पाचाचे बहात्तर झाले. त्यांचा कोटा दुसऱ्या गोलार्धातील एका देशाला देण्यात आला.

सुदर्शनचे स्वतःचे दोन शब्द आदेशात अवतरणचिन्हांत होते.

निलोफरबाईंनी आदेशाचे शेवटचे पान त्याच्यापुढे सरकवले. "मसुद्याची तारीख बघा."

तारीख त्याच्या अहवालाच्या एकवीस दिवस आधीची होती.

"त्यांच्याकडे निवडणूक आहे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पशुपालकांना आपलं स्वस्त मांस नको होतं. निर्णय झालेला होता, कारणाचा परिच्छेद तेवढा कोरा होता. तो आपण भरून दिला. आणि परिशिष्ट वाचलंत? केशवाचक यंत्र त्या देशात एकही नाही. त्यांनी आजवर एकही केस वाचलेला नाही."

"म्हणजे ते कधी पकडूच शकले नसते."

"नाही."

"मग माझी चूक कुठे झाली?"

"विज्ञानात?" निलोफरबाईंनी चष्मा पुसला. "एकही नाही."

पुढचे सर्व नियमाप्रमाणे झाले. पट्टा पुन्हा शुद्ध करून दाखवायचा तर दोष दूर व्हायला हवेत, म्हणून शासनाने परिपत्रक काढले. बाहेरून आलेली जनावरे तीस दिवसांत पट्ट्याबाहेर न्यावीत. सदोष नोंद करणाऱ्या पशुसखीचे काम काढून घ्यावे. आणि ती ज्या घरात राहते, त्या घरातील जनावरे कोट्यास अपात्र समजावीत. हे शेवटचे कलम कोणत्या शहाण्याने घातले, ते कळले नाही; बहुधा ज्याने 'जन्म' हा रकाना छापला त्याच्याच सारखा कोणी असावा. शिरसोंडच्या ग्रामसभेने त्याच्या पुढे एक पाऊल टाकले. घाटाखालून आंदणाचे जनावर आणू नये, असा ठराव झाला. कोजागरीच्या सुमारास घाटाखालच्या दोन ठरलेल्या सोयरिकी मोडल्या, तेव्हा ठरावात न लिहिलेली ओळही लोकांनी वाचली होती, हे स्पष्ट झाले. रोगापासून जनावरे वाचवण्यासाठी आखलेली रेघ आता मुलींच्या भाळावरून जात होती.

तुळशीराम बहिरट दुष्ट मनुष्य नव्हते. रेवती घरात असेपर्यंत त्यांची दावण कोट्याबाहेर राहणार होती, तरी त्यांनी दीड महिना वाट पाहिली. मग एका रविवारी दुपारी सावरखारला सुदर्शनच्या आईच्या अंगणात एक टेम्पो येऊन उभा राहिला. चालवत रेवतीचा नवरा दिगंबर होता. तो खाली उतरला नाही, समोरच्या काचेतून निंबाच्या झाडाकडे पाहत राहिला. मागून रेवती उतरली. मग तांब्याची घागर, परात, समई, लग्नातला पाट. आणि सर्वांत शेवटी एक तरुण वगार, काळीभोर, अजून न व्यायलेली, कानात पट्ट्याचा पिवळा बिल्ला.

"सोनाईच्या बदली," तुळशीराम आईला म्हणाले. त्यांचा स्वर पूजेच्या वेळी असावा तसा होता. "आमच्या दावनीतली सर्वांत चांगली हाय. बाईचं धन बाईले. आमी एक वस्तू ठेवली नाई विहीनबाई, पाहून घ्या."

"अन् लेक?" आईने विचारले. "लेकीचं का?"

"दोन वर्षाचीच तं गोष्ट हाय," म्हातारा म्हणाला आणि टेम्पोत बसला.

स्त्रीधन परत करणे हे शास्त्रोक्त आहे. ते केव्हा परत करतात, हेही शास्त्रात आहे. आईला शास्त्र वाचता येत नव्हते, पण समई मोजून परत देणारा माणूस दोन वर्षांनी बोलवायला येत नाही, हे तिला समजत होते. तिने मुलाला फोन केला.

सुदर्शनने फोनवर आधी विचारले ते वगारीविषयी. "तिले पानी पाजलं का?"

"आताच तं आली. पाजतो नं."

"पाजू नको. ऐक आई, थेंबभर नाई पाजायचं. म्या येतो."

पट्ट्याबाहेर गेलेले जनावर पंधरा दिवसांच्या आत परत आले, आणि केसाच्या मुळाशी बाहेरचे पाणी आढळले नाही, तर त्याचा दाखला शाबूत राहतो, असा एक नियम होता. त्या नियमाचे शब्द कधीकाळी सुदर्शननेच सुचवले होते. त्याच्या मनाने एवढ्याला घट्ट धरले होते. वगार परत जाण्याजोगी राहिली, तर बदली दिलेले धन नाकारता येईल. धन नाकारले, तर फारकत पुरी होत नाही. आणि तोवर वरिष्ठांकडे अर्ज करून ते कलम पाडता येईल. अर्ज त्याने गाडीतच लिहायला घेतला.

सोमवारी सकाळी अकरा वाजता तो अंगणात उतरला, तेव्हा भाड्याच्या जीपमध्ये वीस लिटरचे सहा कॅन होते. घाटावर जाऊन, शिरसोंडच्या सार्वजनिक विहिरीवरून त्याने ते भरून आणले होते. पहिला कॅन उचलून तो गोठ्याकडे वळला.

वगार रात्रभर ओरडून आता ओरडेनाशी झाली होती. तिच्या तोंडाला चिकट लाळ आली होती, आणि दावे ताणून ती विहिरीच्या दिशेने उभी होती. आई पायरीवर तोंडाला पदर लावून बसली होती. रेवती वगारीच्या शेजारी उभी होती.

"हे का हाय?" तिने विचारले.

"घाटावरचं पानी. हेच पाजायचं तिले. पंधरा दिवस पुरवतो म्या, रोज आनतो. थे वापस जाऊ शकते, रेवती. म्हनजे तू बी..."

"रातभर आईनं मले हात लावू देल्ला नाई तिले. तू सांगतलं म्हने."

"फक्त पंधरा दिवस..."

"अन् मले?" रेवती म्हणाली. "म्या काल दुपारपासून इथलं पेतो. मले काहून नाई आनलं?"

कॅन त्याच्या हातात जड झाला. त्याने तो खाली ठेवला आणि झाकण फिरवू लागला. झाकण घट्ट बसले होते. रेवतीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिने वगारीचे दावे खुंट्यावरून सोडले, तिला विहिरीपाशी नेले, बादली आत सोडली. चाक करकरले. भरलेली बादली तिने दगडी डोणीत ओतली.

"रेवती, थांब. एकदा पेली का मंग काईच करता येत नाई."

वगारीने डोणीत तोंड घातले आणि झटकन मागे घेतले. हे पाणी तिच्या ओळखीचे नव्हते. ते खारट होते. तिने नाक फुरफुरले, मान हलवली, पुन्हा वास घेतला. रेवती तिच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. ती घाई करीत नव्हती. तहानलेल्या जनावराशी कसे वागावे, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग वगार प्यायला लागली. तिच्या गळ्यातून एकेक घोट खाली उतरताना दिसत होता.

ते पाणी किती दिवसांनी रक्तातून केसाच्या मुळाशी पोचेल, हे त्या अंगणात सुदर्शनइतके अचूक कोणालाच ठाऊक नव्हते. डोण रिकामी होत आली, तशी रेवतीने बादली पुन्हा विहिरीत सोडली.